उतरलेला धैवत

जुलै महिन्यात आईच्या भजनी मंडळाची पेटी बदली होऊन शिलाँगला गेली.

खरं म्हणजे बदली सुहासिनीकाकूंच्या यजमानांची झाली होती. पण ते दिल्लीत असतानाही आहेत की नाहीत ते कळायचं नाही, त्यामुळे ते गेल्याचं कोणाला फारसं वाटलं नाही. सुहासिनीकाकू पेटी घेऊन गेल्या, आणि लक्ष्मीबाई नगरात आमच्या घरी दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बसणारं आनंदी महिला भजनी मंडळ चक्क गप्प झालं.

सरकारी वसाहतीत असंच चालतं. एकेकाळी मंडळाच्या बायका आमच्या हॉलमध्ये मावायच्या नाहीत, पोरांना बाल्कनीत हाकलावं लागायचं. मग एकेकीच्या नवऱ्याची ऑर्डर निघत गेली. बदली रद्द व्हावी म्हणून त्या देवालाही आळवायच्या आणि मिनिस्ट्रीलाही, आणि दोन्हीकडून सारखाच प्रतिसाद यायचा. आता पाच जणी उरल्या होत्या. माझी आई अलकनंदा मुख्य गायची. समोरच्या फ्लॅटमधल्या वृंदाकाकू टाळ वाजवायच्या आणि भांडायच्या, दोन्ही तेवढ्याच ताकदीने. देविकाकाकू मूळच्या नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती. रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये, मंगळवारी आमच्याकडे, आणि आवाज असा की देव कितीही लांब असला तरी त्याची सुटका नाही. उरलेल्या दोघी सख्ख्या जावा. त्या एकमेकींशी बोलत नसत, फक्त गात.

नोव्हेंबरात पहाडगंजच्या एका हॉलमध्ये दिल्लीतल्या मराठी मंडळांची भजन स्पर्धा होते. तिथे आमच्या मंडळाचा कधीच नंबर आला नव्हता. "सेटिंग आहे सगळं," वृंदाकाकू दरवर्षी परतताना म्हणायच्या. गुडगावच्या बायका एकसारख्या पैठण्या नेसून येतात, ऑक्टोपॅड आणतात, आणि पहिल्या येतात. या वर्षी पेटी गेल्यावर वृंदाकाकूंनी जाहीरच करून टाकलं, "यंदा नंबर आला तर ठीक, नाहीतर मंडळाला कुलूप. पाच बायकांचं कसलं मंडळ? ही किटी पार्टी झाली, ती पण समोशांशिवाय."

 आत जाऊन आईने चहाचे कप इतक्या जोरात विसळले की एकाचा कान तुटला. वीस वर्षं ती या शहरात आहे. घर सरकारचं, ओळखी बाबांच्या, नातेवाईक सगळे पुण्याला. तिचं स्वतःचं म्हणावं असं दिल्लीत एवढं मंडळच होतं, आणि ते बंद झालं तर मंगळवारी दुपारी ती काय करणार हे मला सुचत नव्हतं. तिलाही सुचत नसणार.

आता माझ्याबद्दल. मी मैत्रेयी, बी.कॉम., आणि गेलं वर्षभर म्युझिक प्रोड्यूसर. अजून प्रोड्यूस काही केलेलं नाही. बाबा, म्हणजे सूर्यकांत, सेक्शन ऑफिसर, लोकांना सांगतात की ती कॉम्प्युटरमध्ये आहे. आई सांगते, "ती आतल्या खोलीत आवाज करते." दोघांपैकी आईचं जास्त खरं आहे.

मी सिंथेसिस शिकत होते. म्हणजे वाद्य नाही, वादक नाही, नुसत्या विजेच्या लाटांतून आवाज बनवायचा. इंटरनेटवर एक टोपीवाला माणूस ते शिकवतो. तो पहिल्या धड्यात म्हणाला की सगळ्या आवाजांची आई म्हणजे साइन लाट. मी ती लावली. 'ऊं' असा एक कंटाळवाणा आवाज आला आणि आमची आई फ्रिज बिघडला का ते बघायला धावली. मग कळलं की लाटेचा आकार बदलला की आवाजाचा स्वभाव बदलतो. करवतीच्या दात्यांसारखी लाट खरखरीत आणि भांडखोर, चौकोनी लाट नाकात बोलणारी. मग फिल्टर. तो आवाजातला तिखटपणा काढून घेतो, शेजारच्यांचं भांडण भिंतीपलीकडून ऐकू यावं तसं होतं.

एन्व्हलप मात्र मला काही केल्या कळेना. आवाज किती वेळात चढतो, चढून किती खाली येतो, किती वेळ टिकतो आणि सोडल्यावर किती वेळ रेंगाळतो, असे त्याचे चार भाग. टोपीवाल्याने आलेख काढून दाखवले, तरी डोक्यात प्रकाश पडेना. मग एक दिवस आईने बाबांच्या पँटच्या खिशातलं मेट्रो कार्ड पँटसकट मशीनमध्ये धुतलं. बाबा क्षणात भडकले, मग जरा खाली आले, मग त्याच पट्टीत जेवण होईपर्यंत बोलत राहिले, आणि विषय संपल्यावरही बेसिनपाशी हात धुताना त्यांची गुरगुर चालू होती. मी ताटावरून उठून खोलीत पळाले आणि चारही बटणं एका फटक्यात लावली. तो आवाज मी अजून जपून ठेवला आहे.

एवढ्या अभ्यासातून माझ्या हातून जी पहिली संपूर्ण कलाकृती घडली ती म्हणजे कुकरची शिट्टी. लाट नाही, नुसता सूं आवाज घ्यायचा, फिल्टरच्या चिमटीत पकडायचा, सुरुवातीला थोडा फुसफुसू द्यायचा आणि मग एकदम सोडायचा. मी ती स्पीकरवर तीनदा वाजवली. आईने गॅस बंद केला. त्या दिवशी आम्ही तुरीची डाळ चावून चावून खाल्ली, आणि बाबा म्हणाले की या मुलीच्या शिक्षणाचा घराला काहीतरी उपयोग व्हावा अशी त्यांची अपेक्षा होती.

पण आई कच्ची डाळ खाताना माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती. दुसऱ्या दिवशी ती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"कुकर करता येतो ना तुला?"

"हो."

"मग पेटी कर."

"आई, कुकर वेगळा आणि पेटी वेगळी यार!"

"दोन्हींत हवाच असते," आई म्हणाली आणि निघून गेली.

हे टोपीवाल्यानेही मला सांगितलं नव्हतं. मी कामाला लागले. पेटीचा आवाज करवतीच्या लाटेतून निघतो, थोडा फिल्टर लावला की घोगरा होतो. पेटीत एका सुराला आत दोन पितळी जिभा असतात आणि त्या कधीच तंतोतंत सारख्या बोलत नाहीत, म्हणून दोन लाटा घ्यायच्या आणि एक किंचित हलवायची. राहिला भाता. 'भाता' हा शब्द मला माहीतच नव्हता. आईने कपाळाला हात लावून, मागची ती उघडमीट करायची बाजू, असं समजावलं. माझ्या छोट्या कीबोर्डला डावीकडे एक चाक आहे, ते मी आवाजाच्या ताकदीला जोडलं. उजव्या हाताने सूर, डाव्या हाताने चाक. लहानपणी सुहासिनीकाकूंनी मला जेवढी पेटी शिकवली होती तेवढी बोटांत शिल्लक होती. शेवटी मी सुरांची तपासणी करणारं ॲप लावून एकेक सूर जुळवला. माझी पेटी अगदी अचूक होती. असं अचूक वाद्य आमच्या घरात आजवर आलंच नव्हतं.

शुक्रवारी मंडळ जमलं. मी कीबोर्ड मांडीवर घेऊन सतरंजीवर बसले. स्पीकर देवासमोर. आईने डोळे मिटले, पहिली ओळ घेतली, बाकीच्या मागे आल्या, आणि दुसऱ्या ओळीत असा काही गोंधळ उडाला की देविकाकाकूंनी "ओ गॉड" म्हणून कान झाकले.

"तुझा ध चढा आहे," वृंदाकाकू मला म्हणाल्या.

"काकू, हा कॉम्प्युटरचा ध आहे. तो चढा असूच शकत नाही."

"का बरं? तुझ्या बाबांचा कॉम्प्युटर दोन वर्षं चुकीची तारीख दाखवत होता."

मी ॲप दाखवलं. हिरवा दिवा दाखवला. वृंदाकाकूंनी टाळ खाली ठेवला. हे लक्षण चांगलं नसतं. "मोबाईल सांगेल तो सूर आणि मोबाईल सांगेल तो पत्ता. एकदा त्याने मला रोहिणीला जायचं तर फरीदाबादला नेलं होतं," त्या म्हणाल्या. दोघी जावांनीही मान हलवली. मला आठवतंय तसं, एकमेकींशी सहमत होण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती.

मी म्हटलं, ठीक आहे, पेटीशिवाय गा. त्या गायल्या आणि मी ते रेकॉर्ड केलं. त्या गेल्यावर खोलीत बसून एकेक सूर तपासला. सा बरोबर, रे बरोबर, ग, म, प, नी सगळे जागच्या जागी. फक्त ध खाली. कीबोर्डचे सूर आणि गाण्याचे सूर यांत केसभर फरक असतो हे मला माहीत होतं, पण हा केस नव्हता, ही अख्खी वेणी होती. आणि पाचही जणींचा ध अगदी तेवढाच खाली. पाच बायका, पाच गळे, त्यातल्या दोघी एकमेकींचं तोंड बघत नाहीत, आणि बेसूर मात्र एकमताने.

मी सुहासिनीकाकूंना व्हिडिओ कॉल लावला. मागे शिलाँगचा पाऊस, त्यांच्या अंगावर आमच्याकडे डिसेंबरात घालतात तसला स्वेटर. "काकू, मला तुमच्या पेटीसारखा आवाज बनवायचाय, जरा एकेक पट्टी दाबून दाखवता?" त्या इतक्या खूश झाल्या की काही विचारू नका. पेटी पुढ्यात ओढून एकेक सूर वाजवू लागल्या. मंडळ सा लावायचं काळी चारमध्ये, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवर, आणि त्यांचा ध यायचा पांढऱ्या चारवर. काकूंनी पांढरी चार दाबली आणि माझ्या ॲपवरचा काटा लाल होऊन डावीकडे घसरला.

"काय पेटी आहे बघ," काकू म्हणाल्या. "नागपूरहून दिल्लीला बदली झाली तेव्हा हमालाने ट्रकवरून खाली सोडली होती. दणकन! पण एक सूर हलला नाही."

"बिल्कुल नाही काकू," मी म्हटलं.

म्हणजे असं होतं. पेटी पडली, पांढरी चार बसली, आणि काकूंच्या कानाने ते मुकाट्याने मान्य केलं. मग मंडळात येणारी प्रत्येक बाई त्या पेटीवर गळा घासत गेली. वर्षानुवर्षं परीक्षकांपुढे जाऊन या बायका छातीठोकपणे चुकीचा ध लावत होत्या आणि सेटिंग आहे म्हणून घरी येत होत्या. देविकाकाकूंना चर्चच्या क्वायरमध्ये कायम मागच्या रांगेत का उभं करतात याचाही मला उलगडा झाला.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. आईला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तू आयुष्यात दिल्लीत जी एक गोष्ट मनापासून केलीस ती चुकीची होती? आणि वृंदाकाकूंना सांगायचं तर आधी टाळ लपवून ठेवायला हवा.

त्यापेक्षा मी माझी पेटी बिघडवायची ठरवली. सगळी पेटी बेसूर करणं सोपं असतं, एक बटण फिरवलं की झालं, बहुतेक बँडवाले तेच करतात. पण एकच सूर तेवढाच उतरवायचा, आणि तोही नेमका त्या ट्रकवरून पडलेल्या मापाने, हे जमायला मला आठवडाभर झगडावं लागलं. अखेर मी ध साठी वेगळ्या लाटा घेतल्या आणि त्यांचं बटण वेगळं ठेवलं. पुढच्या बैठकीत मी ती बिघडलेली पेटी वाजवली. आईने ओळ घेतली, ध पाशी आली, आणि तिचा चेहरा सैल झाला. "आली गं बाई सुहासिनी," वृंदाकाकू म्हणाल्या. देविकाकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मला माहीत होतं की मी पाच जणींना पुन्हा त्याच खड्ड्यात नेऊन बसवलं आहे.

आता त्यांना बाहेर काढायचं होतं, आणि ते त्यांच्या नकळत. मी दर बैठकीला ते वेगळं बटण एक केस वर सरकवू लागले. एकच केस. तेवढा फरक कोणाला कळत नाही, कारण माझ्या बटणाची सगळ्यात छोटी पायरीच ती होती. पेटी जाते तिथे गळा जातो. ऑगस्ट गेला, गणपती झाले, नवरात्र झालं, दिवाळी आली, आणि पाच बायकांचा धैवत मुंगीच्या पावलाने वर चढत राहिला. मी दर शुक्रवारी रेकॉर्डिंग तपासायचे आणि खोलीत एकटीच नाचायचे. टोपीवाल्याच्या कोर्समध्ये माणसं ट्यून करायचा धडा नाही. तो मी शोधून काढला होता.

ऑक्टोबरात एका मंगळवारी देविकाकाकू मिठाईचा डबा घेऊन आल्या. क्वायरमध्ये त्यांना पुढच्या रांगेत घेतलं होतं. "सगळी येशूची कृपा," त्या म्हणाल्या. "विठ्ठलाची म्हणा," वृंदाकाकू म्हणाल्या. माझं नाव कोणीच घेतलं नाही. मी काजूकतली खाल्ली.

स्पर्धेच्या आठवड्यात धैवत जागेवर पोचला. हिरवा दिवा. बाहेर दिल्लीची नेहमीची नोव्हेंबरातली हवा होती, समोरचा टॉवर दिसत नव्हता, घराघरांत वाफारे चालू होते, पण मी खरंच सांगते, त्या बायका सुरेख गात होत्या. इतक्या सुरेख की बाबा ऑफिसचं काम घेऊन हॉलमध्ये येऊन बसले आणि कागद उलटे धरून ऐकत राहिले. नंबर येणार होता. मला खात्री होती, आणि आईलाही असावी, कारण तिने कपाटातून तिची निळी नारायणपेठ काढून इस्त्रीला दिली.

पहाडगंजच्या त्या हॉलमध्ये आम्ही पोचलो तेव्हा गुडगावच्या बायका आधीच जांभळ्या पैठण्यांत रांगेने बसल्या होत्या. मी स्टेजच्या बाजूला लॅपटॉप, कीबोर्ड, वायरी जोडत होते. तेवढ्यात मागून आरोळी आली, "अलके!"

सुहासिनीकाकू. स्वेटर, शाल, कानटोपी, आणि दोन्ही हातांत पेटी.

"ह्यांची दिल्लीत मीटिंग लागली. म्हटलं, मी पण येते. गुवाहाटीपासून पेटी मांडीवर घेऊन आले, बर्थवर पण पायाशी ठेवली नाही, डोक्याशी घेऊन झोपले. सांगितलं नाही मुद्दाम. सरप्राइज!"

पाचही जणी त्यांच्यावर तुटून पडल्या. दोघी जावा तर एकाच वेळी एकाच गळ्यात पडल्या. मी वायर हातात धरून उभीच राहिले. काकू स्टेजवर गेल्या, माझा कीबोर्ड दोन बोटांनी बाजूला सरकवला आणि पेटी उघडली. "तू खूप केलंस गं बाळा," त्या मला म्हणाल्या. "आता बस आरामात."

मी आईला पडद्याजवळ ओढलं. "आई, काकूंना नको वाजवू देऊस. प्लीज. मी नंतर सांगते का ते."

"मैत्रेयी, खाली जाऊन बस."

"आई, त्यांच्या पेटीचा..."

"मला ऐकू येतं," आई म्हणाली. "जा."

मी बाबांच्या शेजारी जाऊन बसले. आईने पहिली ओळ घेतली. सुंदर. दुसरी ओळ वर चढली, ध पाशी पोचली, आणि पाचही जणींचा नवा कोरा, मी तीन महिने केसाकेसाने चढवलेला धैवत बरोब्बर लागला. खालून काकूंच्या पेटीचा जुना धैवत कण्हला. हॉलमधल्या लोकांना दात आंबल्यासारखं झालं असणार. एक परीक्षक चष्मा काढून बघू लागला. काकू दचकल्या. त्यांनी पेटीकडे बघितलं, मग बायकांकडे, मग परत पेटीकडे, आणि पांढरी चार पुन्हा, जरा भीत भीत, दाबून बघितली. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मांडीवर घेऊन सांभाळत आणलेल्या मुलाला सगळ्यांसमोर कोणीतरी काळंबेंद्रं म्हणावं, तसा तो झाला होता.

आईने काकूंकडे बघितलं. मग तिने ती ओळ पुन्हा घेतली. स्पर्धेत ओळ पुन्हा घ्यायची नसते, वेळ मोजलेला असतो, पण तिने घेतली. आणि ध आला तेव्हा ती खाली आली. मुद्दाम. अगदी त्या ट्रकच्या मापाला. वृंदाकाकूंनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि त्याही खाली आल्या. मग देविकाकाकू, त्यांच्या पुढच्या रांगेसकट. मग दोघी जावा. पुढचं संपूर्ण भजन त्या पाच जणी एकही चूक न करता चुकीचं गायल्या. काकूंचा भाता परत भरला, चेहरा उजळला, मान डोलायला लागली. मला इतका राग आला होता की मी बाबांचा हात करकचून धरला होता, आणि मला इतकं रडू येत होतं की बाबांनी स्वतःचा रुमाल दिला, तोच रुमाल ज्याने ते ऑफिसात खुर्ची पुसतात.

पहिल्या गुडगाववाल्या. दुसरं, तिसरं, उत्तेजनार्थ, कुठेच आम्ही नव्हतो. परीक्षक बोलायला उठले आणि म्हणाले की एका मंडळाचा धैवत किंचित उतरतो, पण त्यांची एकजूट अशी की असं समूहगान फार क्वचित ऐकायला मिळतं. "सेटिंग," वृंदाकाकू म्हणाल्या, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

परतताना रिक्षात काकू आई आणि माझ्यामध्ये पेटी घेऊन बसल्या होत्या. "अलके, सुरुवातीला काय झालं होतं गं? तुम्ही सगळ्या एकदम वर गेलात."

"थंडी," आई म्हणाली. "सकाळपासून गळा चढलाय."

"मला वाटलं माझी पेटीच गेली."

"तुझ्या पेटीला काय होतंय? ट्रकवरून पडून काही झालं नाही."

काकूंना गेस्ट हाऊसवर सोडलं आणि आम्ही घरी आलो. आईने नारायणपेठ न बदलता खिचडीचा कुकर चढवला. मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"तुला माहीत होतं."

"काय?"

"मी ध वर नेत होते ते."

"पहिल्याच आठवड्यात कळलं," आई म्हणाली. "मी गाते, मैत्रेयी. तुला वाटतं मी तोंड उघडते आणि आपोआप होतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"बरं होत होतं की. बऱ्या गोष्टीला कशाला टोकायचं?" तिने पदर खोचला. "आधी फार वाईट वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. इतकी वर्षं... मग म्हटलं, पोरगी एवढी लपूनछपून करतेय तर करू दे."

"आज नंबर आला असता."

"आला असता."

"आणि मंडळ? वृंदाकाकू कुलूप लावणार म्हणाल्या होत्या. तुझं एवढं एकच होतं, आई. मी तुझ्यासाठी..."

आई माझ्याकडे वळली. "सुहासिनी दोन दिवस ती पेटी उराशी धरून आली. तिला चारशे लोकांसमोर बेसूर ठरवून नंबर आणायचा, आणि मग ते मंडळ चालवायचं? कोणासाठी?"

कुकरची शिट्टी झाली. आईने आधी कुकरकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

"ही खरी?"

"खरी आहे."

तेवढ्यात दार वाजलं. वृंदाकाकू, अजून स्पर्धेच्याच साडीत, हातात लोणच्याची बरणी. "खिचडी लावलीयस ना? वास आला." त्या आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि माझ्याकडे बोट रोखून म्हणाल्या, "आणि तू. मंगळवारी तो तुझा डबा जरा लवकर जोड. मागच्या वेळी वायरी लावण्यात अर्धा तास गेला."

कुलपाचं नाव त्यांनी काढलं नाही. आईनेही काढलं नाही. तिने दुसरी शिट्टी होऊ दिली, गॅस बारीक केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या तुझ्या पेटीत दोन ध ठेवता येतात का गं?"

"दोन?"

"एक आपला. आणि एक सुहासिनी येईल तेव्हाचा. परत तिच्या ध ची सवय जायला नको."

मी खोलीत गेले आणि लॅपटॉप उघडला.